एलियन: आयसोलेशन – भीती कुठे संपते आणि वैताग कुठे सुरू होतो

प्रस्तावना

संगणक खेळांची रचना हा विषय शिकवताना पहिल्या तासाला मी वर्गात एक प्रश्न विचारते: तुम्हाला सर्वांत जास्त घाबरवणारा खेळ कोणता? चार-पाच जण तरी ‘एलियन: आयसोलेशन’ हे नाव घेतात. मग मी पुढचा प्रश्न विचारते: तो शेवटपर्यंत कोणी खेळला? वर गेलेले हात खाली येतात. एका विद्यार्थ्याचे उत्तर माझ्या लक्षात राहिले आहे: “मॅडम, गेम भारीच आहे, पण नंतर डोकं फिरतं.”

या एका वाक्यात दोन विधाने आहेत आणि दोन्ही खरी आहेत. मी स्वतः हा खेळ दोनदा अर्धवट सोडला आणि तिसऱ्यांदा पूर्ण केला. या टिपणात आपण पाहणार आहोत की ज्या रचनेमुळे हा खेळ ‘भारी’ ठरतो, तीच रचना प्रमाणाबाहेर ताणली गेली की ‘डोकं फिरवते’. खेळाडूला घाबरवणे आणि खेळाडूला वैतागवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. प्रकल्प करणाऱ्या विद्यार्थ्याला हा फरक कळला नाही, तर तो चुकीची गोष्ट दुरुस्त करत बसतो.

हे टिपण वाचण्यासाठी स्टेट मशीन म्हणजे काय आणि संभाव्यतेचे प्राथमिक गणित एवढे माहीत असणे पुरेसे आहे. खेळाच्या कथेतील काही वळणे पुढे उघड केलेली आहेत, हे आधीच सांगून ठेवते.

१. खेळाची ओळख

‘एलियन: आयसोलेशन’ हा खेळ इंग्लंडमधील क्रिएटिव्ह असेंब्ली या स्टुडिओने तयार केला आणि सेगा कंपनीने ऑक्टोबर २०१४ मध्ये प्रकाशित केला. हा स्टुडिओ तोपर्यंत ‘टोटल वॉर’ या युद्धनीतीच्या खेळांसाठी ओळखला जात होता. हजारो सैनिक एकाच वेळी पडद्यावर हलवणाऱ्या मंडळींनी एकाच शत्रूचा खेळ करायला घेतला, ही गोष्ट मुळातच लक्षवेधक आहे.

खेळाचा आधार म्हणजे रिडली स्कॉट यांचा १९७९ सालचा ‘एलियन’ हा चित्रपट. चित्रपटातील घटनांनंतर १५ वर्षांनी, म्हणजे २१३७ साली, नायिका एलेन रिप्ली हिची मुलगी अमांडा आपल्या बेपत्ता आईचा शोध घेत सेवास्टोपोल नावाच्या अवकाश स्थानकावर येते. स्थानक मोडकळीला आले आहे. माणसे एकमेकांना घाबरून आहेत, ‘वर्किंग जो’ नावाचे यंत्रमानव माणसांवर उलटले आहेत आणि एक एलियन मोकाट फिरतो आहे.

खेळाचा मुख्य नियम एका वाक्यात सांगता येतो: एलियनला मारता येत नाही. अमांडा इंजिनिअर आहे, सैनिक नाही. ती लपू शकते, आवाज करून एलियनला दुसरीकडे वळवू शकते, पुढे मिळणाऱ्या फ्लेमथ्रोअरने त्याला काही क्षण पळवून लावू शकते. बाकी काही नाही. अशा प्रकारच्या खेळांना ‘सर्व्हायव्हल हॉरर’ म्हणतात: साधने कमी, धोका मोठा, जिंकण्यापेक्षा जिवंत राहणे महत्त्वाचे.

२. पहिले बलस्थान: एलियनचे दोन मेंदू

लहानपणी आपण लपंडाव खेळलो आहोत. ज्याच्यावर राज्य असते तो शोधतो, बाकीचे लपतात. आता कल्पना करा की ओट्यावर एक आजी बसलेली आहे. तिला सगळे कुठे लपले आहेत ते दिसते. राज्य असलेला मुलगा फारच भरकटला, तर ती म्हणते, “अरे, गोठ्याकडे बघितलंस का?” नेमकी जागा ती सांगत नाही, फक्त दिशा देते. आणि एखादे लहान मूल फार घाबरले, तर ती त्या मुलाला म्हणते, “जरा इकडे ये, पाणी पिऊन जा.” तेवढ्यात लपलेल्याला श्वास घ्यायला वेळ मिळतो.

या खेळात अगदी अशीच योजना आहे. एलियनमागे दोन स्वतंत्र प्रणाली काम करतात.

पहिली प्रणाली म्हणजे दिग्दर्शक, आपली ओट्यावरची आजी. खेळाडू कुठे आहे आणि एलियन कुठे आहे, हे दिग्दर्शकाला कायम माहीत असते. तो वेळोवेळी एलियनला फक्त एक ढोबळ परिसर सुचवतो.

दुसरी प्रणाली म्हणजे खुद्द एलियन. त्याला खेळाडूची जागा माहीत नसते. त्याच्याकडे स्वतःची ज्ञानेंद्रिये असतात. त्याला समोरचे दिसते, आवाज ऐकू येतो, जवळचा स्पर्श जाणवतो. सुचवलेल्या परिसरात येऊन तो आपल्या इंद्रियांच्या भरवशावर शोध घेतो.

दिग्दर्शकाकडे आणखी एक हिशेब असतो, खेळाडूवर आलेल्या दडपणाचा. एलियन जवळ असेल, नजरेच्या टप्प्यात असेल, खेळाडूच्या यंत्रावर त्याची हालचाल दिसत असेल, तर हा आकडा वाढत जातो. आकडा ठरावीक मर्यादेला पोहोचला की दिग्दर्शक एलियनला छतातल्या हवेच्या बोगद्यांत परत बोलावतो. खेळाडूला उसंत मिळते. आकडा उतरला की एलियन पुन्हा खाली पाठवला जातो.

अभियांत्रिकीच्या दृष्टीने हा माहितीच्या विभाजनाचा उत्तम नमुना आहे. सगळे जाणणारा घटक कृती करत नाही आणि कृती करणारा घटक सगळे जाणत नाही. एलियनला खेळाडूची नेमकी जागा थेट दिली असती, तर तो दर वेळी सरळ लॉकरपाशी येऊन उभा राहिला असता आणि लपण्याला काही अर्थच उरला नसता. उलट त्याला काहीच कळवले नसते, तर तो स्थानकाच्या दुसऱ्या टोकाला फिरत राहिला असता आणि खेळाडू निवांत चालत गेला असता.

३. एलियन खरोखर ‘शिकतो’ का?

हा प्रश्न विद्यार्थी हमखास विचारतात. त्याचे उत्तर असे की मशीन लर्निंग ज्या अर्थाने आपण शिकतो, त्या अर्थाने एलियन काहीही शिकत नाही.

त्याचे वर्तन बिहेवियर ट्री या रचनेतून चालते. साध्या स्टेट मशीनमध्ये प्रत्येक अवस्थेतून दुसऱ्या प्रत्येक अवस्थेत जाण्याचा मार्ग लिहावा लागला, तर १० अवस्थांना १० × ९ = ९० मार्ग होतात. अवस्था वाढल्या की हे जाळे सांभाळणे अशक्य होते. बिहेवियर ट्रीमध्ये वरून खाली, अग्रक्रमाने प्रश्न विचारले जातात: खेळाडू दिसतो का? नसेल, तर आवाज आला का? नसेल, तर एखादी संशयास्पद जागा आहे का? तेही नसेल, तर गस्त घाल. नवे वर्तन जोडायचे तर झाडाला एक फांदी जोडायची, बाकीचे झाड तसेच राहते.

गंमत अशी की यातील काही फांद्या सुरुवातीला कुलूपबंद असतात. खेळ पुढे सरकतो तशी त्यांची कुलपे निघतात आणि एलियन पूर्वी करत नव्हता त्या गोष्टी करू लागतो. खेळाडूला वाटते, ‘याने माझी युक्ती ओळखली.’ प्रत्यक्षात कार्यक्रमाने फक्त एक दार उघडलेले असते. शिकण्याचा आभास निर्माण करण्यासाठी शिकण्याची यंत्रणा लागतेच असे नाही, हा धडा प्रकल्प करणाऱ्यांनी जरूर घ्यावा.

४. दुसरे बलस्थान: अपुरी माहिती

खेळाडूच्या हातात हालचाल टिपणारे एक यंत्र असते, मोशन ट्रॅकर. ते फक्त हलणारी वस्तू दाखवते. एलियन स्तब्ध उभा राहिला, तर पडदा रिकामा. तो आपल्या मजल्यावर आहे की डोक्यावरच्या बोगद्यात, हेही पडद्यावरून कळत नाही. यंत्राकडे पाहिले की समोरचे दृश्य धूसर होते, समोर पाहिले की यंत्र धूसर होते. आणि एलियन जवळ असेल, तर यंत्राचा आवाज त्यालाही ऐकू जातो. म्हणजे माहिती मिळते, पण फुकट मिळत नाही.

आवाजाचे कामही असेच बारकाईने केले आहे. पावले छतात आहेत की मजल्यावर, एलियन चालतो आहे की धावतो आहे, हे कानाने ओळखता येते. बोगद्याच्या तोंडातून लाळ ठिबकत असेल, तर वर कोण बसले आहे हे समजून घ्यायचे. ब्रिटिश अकादमीचा २०१५ सालचा ध्वनिविषयक पुरस्कार या खेळाला मिळाला, तो उगाच नव्हे. काही कन्सोलवर तर खेळाडूच्या खोलीतला आवाज मायक्रोफोनने टिपून तो एलियनला ‘ऐकवण्याची’ सोयही होती. घरात कोणी भांडे पाडले, तर पडद्यावरचा एलियन वळून बघणार!

दृश्यरचनेतही असाच संयम आहे. स्थानकावरचे पडदे जाड काचेचे, अक्षरे हिरवी, बटणे ठोकळ्यासारखी. १९७९ च्या चित्रपटाला भविष्य जसे दिसले, तसेच ते इथे ठेवले आहे. चित्रफितीवर येतो तसा खरखरीतपणा मिळावा म्हणून काही दृश्ये खरोखरच जुन्या व्हिडिओ कॅसेटवर उतरवून, बिघडवून पुन्हा वापरली गेली.

५. तिसरे बलस्थान आणि पहिला वैताग: भोज्या दूर आहे

लपंडावात भोज्याला हात लावला की आपण सुटलो. या खेळातला भोज्या म्हणजे भिंतीवरचे सेव्ह करण्याचे यंत्र. त्यात कार्ड घालायचे, तीन दिवे एकामागून एक लागेपर्यंत थांबायचे, मग खेळ सेव्ह होतो. या काही सेकंदांत एलियन मागून येऊन धप्पा देऊ शकतो. मेलात, तर सामान्यतः मागच्या भोज्यापासून पुन्हा सुरुवात.

ही योजना नसती तर भीतीही नसती. हरल्यावर काहीच गमवायचे नसेल, तर घाबरायचे कशाला? दूरवर त्या यंत्राची टिकटिक ऐकू आली की जीव भांड्यात पडतो, तो याचमुळे. पण याच योजनेत पहिला मोठा वैताग दडलेला आहे. तो किती मोठा, हे गणिताने पाहू.

समजा, एखादा खेळाडू सरासरी ‘अ’ मिनिटांनी एकदा मरतो, आणि दोन भोज्यांमधले अंतर न मरता पार करायला ‘ट’ मिनिटे लागतात. मरण्याची शक्यता प्रत्येक क्षणी सारखीच आहे असे धरू. तर एका प्रयत्नात पार होण्याची संभाव्यता ई^(−ट/अ) येते. इथे ई म्हणजे २.७१८. म्हणून सरासरी प्रयत्न ई^(ट/अ) लागतात, आणि लागणारा एकूण सरासरी वेळ असा:

एकूण वेळ = अ × (ई^(ट/अ) − १)

दर १० मिनिटांनी एकदा मरणारा खेळाडू घेऊ, म्हणजे अ = १०.

ट = ५ मिनिटे: एकूण वेळ सुमारे ६.५ मिनिटे
ट = १० मिनिटे: एकूण वेळ सुमारे १७ मिनिटे
ट = २० मिनिटे: एकूण वेळ सुमारे ६४ मिनिटे

अंतर चौपट झाले, वेळ जवळजवळ दहापट झाला. आता थोडा सरावलेला खेळाडू घ्या, जो २० मिनिटांनी एकदा मरतो. त्याला तेच २० मिनिटांचे अंतर सुमारे ३४ मिनिटांत पार होते. पहिल्याला सरासरी सातहून अधिक प्रयत्न, दुसऱ्याला तिनाहून कमी.

हे सोपे केलेले प्रारूप आहे. प्रत्यक्षात खेळाडू प्रत्येक प्रयत्नात सुधारतो, आणि सगळ्या जागा सारख्या धोक्याच्या नसतात. तरीही मुख्य निष्कर्ष टिकतो: भोज्यामधले अंतर वाढले की वैताग सरळ रेषेत वाढत नाही, घातांकाने वाढतो. खेळाडूच्या कौशल्यातला छोटा फरक अनुभवात प्रचंड फरक पाडतो.

या खेळाची परीक्षणे वाचली की हे लगेच पटते. ‘आयजीएन’ या संकेतस्थळाने त्याला १० पैकी ५.९ गुण दिले, तर ‘पीसी गेमर’ने १०० पैकी ९३. दोन जाणकार परीक्षक एकाच खेळाबद्दल इतके वेगळे कसे बोलतात? मला वाटते, याचे बरेचसे उत्तर वरच्या सूत्रात आहे. एकाच स्थानकावर फिरूनही दोन माणसे जवळजवळ दोन वेगळे खेळ खेळलेली असू शकतात.

आणि हो, आपल्याकडे वीज जाते. वसतिगृहातल्या संगणकाला यूपीएस नसेल, तर एलियनच्या आधी वीज मंडळच धप्पा देते.

६. दुसरा वैताग: आजी सारखीच बोलत राहते

दिग्दर्शकाची योजना सुरेख असली तरी तिची एक किंमत आहे. तो एलियनला कायम खेळाडूच्या आसपास ठेवतो. एवढे मोठे स्थानक, शेकडो खोल्या, आणि एलियन मात्र नेहमी मी आहे त्याच मजल्यावर! सुरुवातीला हे नशीब वाटते. दहा-बारा तासांनी खेळाडूच्या लक्षात येते की तो एका अदृश्य दोरीने आपल्याशी बांधलेला आहे.

ही दोरी एकदा दिसली की दोन गोष्टी होतात. एक, एलियनबद्दलचा विश्वास कमी होतो. तो शिकारी प्राणी राहत नाही, वेळापत्रकाने येणारी एसटी बनतो. दोन, खेळाडूला अन्याय झाल्यासारखे वाटते. मी आवाज केला नाही, दिसलो नाही, तरी तो याच खोलीत का आला? खेळाडू आजीला दोष देऊ लागतो, आणि लपंडावात आजीला दोष देणे सुरू झाले की खेळ मोडलाच म्हणून समजा.

७. तिसरा वैताग: लांबी

खेळात एकूण १८ टप्पे आहेत आणि तो पूर्ण करायला साधारण १८ ते २० तास लागतात. दहाव्या टप्प्यात एलियनला प्रयोगशाळेच्या एका भागात कोंडून तो भाग स्थानकापासून तोडून टाकला जातो. अमांडा कशीबशी वाचते. ताण कळसाला पोहोचतो आणि उतरतो. कथा इथे संपली असती, तर कोणी तक्रार केली नसती.

पण पुढे आठ टप्पे बाकी असतात. त्यांतल्या पहिल्या काही टप्प्यांत एलियन नाही, वर्किंग जो यंत्रमानवच जास्त आहेत. हे यंत्रमानव सुरुवातीला अंगावर काटा आणतात. रबरी चेहरा, चमकणारे डोळे, गळा दाबतानाही नम्र आवाज. पण ते संथ आहेत आणि लवकर मरत नाहीत. त्यांना टाळण्याचे तंत्र एकदा कळले की भीती जाते आणि फक्त खटाटोप उरतो. त्यानंतर अणुभट्टीखाली एलियनचे अख्खे घरटे सापडते आणि भीती परत येते, पण तोवर बरेच खेळाडू थकलेले असतात.

मधल्या कामांचेही तसेच. वीज सुरू करा, पत्ता शोधा, दार उघडा, पुन्हा वीज सुरू करा. मुळात ही कामे म्हणजे खेळाडूला धोक्याच्या जागेतून नेण्याचे निमित्त. धोका ताजा असतो तेव्हा निमित्ताकडे कोणी बघत नाही. धोका शिळा झाला की निमित्तच तेवढे दिसते. भीतीला सवयीचे वावडे असते. माणूस कोणत्याही गोष्टीला सरावतो, अगदी एलियनलाही.

८. वैतागाचे तीन प्रकार

आतापर्यंतची चर्चा नेमकी मांडण्यासाठी मी वर्गात तीन प्रकार सांगते.

पहिला, दोषाचा वैताग. यात रचना बरोबर असते, पण यंत्रणा बिघडलेली असते. याचे प्रसिद्ध उदाहरण याच चित्रपटमालिकेवरच्या दुसऱ्या खेळाचे आहे. २०१३ सालच्या ‘एलियन्स: कलोनियल मरीन्स’ या खेळातले एलियन वेंधळ्यासारखे वागतात म्हणून त्याच्यावर भरपूर टीका झाली. काही वर्षांनी उघड झाले की त्याच्या एका सेटिंग फाइलमध्ये ‘टेदर’ या इंग्रजी शब्दाच्या स्पेलिंगमध्ये ए हे अक्षर जास्त पडले होते. तेवढे एक अक्षर काढले की एलियनचे वागणे चांगलेच सुधारत असे. एका अक्षराने शिकारी प्राण्याचा गोंधळलेला प्राणी झाला होता. हा वैताग दुरुस्त करायचा असतो, त्याचे समर्थन करायचे नसते.

दुसरा, योजनेचा ताण. कार्ड घालून तीन दिव्यांची वाट बघणे, लॉकरमध्ये श्वास रोखून उभे राहणे. हे त्रासदायक आहे आणि तसेच हवे. हे काढले तर खेळच उरत नाही.

तिसरा, अतिरेकाचा वैताग. योग्य गोष्ट प्रमाणाबाहेर गेल्याने होणारा. ‘एलियन: आयसोलेशन’मधले बहुतेक वैताग या प्रकारचे आहेत. भोज्या हवाच, पण इतका दूर नको. आजी हवीच, पण सारखी बोलणारी नको. निमित्ते हवीत, पण १८ टप्पे पुरतील इतकी नकोत.

दुसरा आणि तिसरा प्रकार वेगळे कसे करायचे? त्यासाठी तीन प्रश्नांची कसोटी लावावी.

एक: हरल्यावर खेळाडूला कारण कळले का?
दोन: त्या क्षणी त्याला वेगळे काही करता आले असते का?
तीन: पुन्हा करावा लागणारा भाग त्याला काही नवे देतो का?

धावल्यामुळे एलियन आला आणि त्याने मारले, तर पहिल्या दोन्ही प्रश्नांची उत्तरे होकारार्थी येतात. पुढच्या वेळी एलियन वेगळ्या वाटेने येतो म्हणून तिसऱ्याचेही उत्तर बहुतेक वेळा ‘हो’ येते. हा ताण योग्य आहे. लाळ ठिबकणाऱ्या बोगद्याखालून गेल्यावर पहिल्यांदा मेलात, तर कारण नंतर कळते, पण दुसऱ्यांदा चूक तुमची. हेही योग्य. न दिसता, आवाज न करता मेलात, तर पहिल्या दोन्ही प्रश्नांना ‘नाही’. आणि तीच तीन दारे, तेच दोन वर्किंग जो सातव्यांदा ओलांडताना तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर ठामपणे ‘नाही’. तिथे भीती संपलेली असते आणि वैताग सुरू झालेला असतो.

९. एका प्रकल्पाची गोष्ट

अंतिम वर्षाच्या एका गटाने याच धर्तीवर एक छोटा खेळ केला होता. जुना वाडा, अंधार, एक शोधणारी आकृती. काम मन लावून केलेले होते. चाचणीसाठी इतर वर्गांतली मुले बोलावली, तर एकेक जण अर्ध्यातून उठून गेला. गट हिरमुसला. त्यांचा निष्कर्ष असा: “मॅडम, यांना असले गेम खेळायची सवय नाही.”

मी त्यांना फक्त दोन आकडे काढून आणायला सांगितले: खेळाडू सरासरी किती वेळाने मरतो आणि सेव्ह करण्याच्या दोन जागांत किती अंतर आहे. आकडे आले साधारण ४ मिनिटे आणि १५ मिनिटे. सूत्रात घाला: ४ × (ई^३.७५ − १), म्हणजे सुमारे १६६ मिनिटे. आमची प्रयोगशाळेची वेळ दोन तासांची. म्हणजे सरासरी खेळाडूला पहिला टप्पाच त्या वेळेत पार होणार नव्हता. गट बराच वेळ त्या आकड्याकडे बघत राहिला.

त्यांनी १५ मिनिटांचे तीन भाग केले. आता प्रत्येक भागाला सुमारे १० मिनिटे, एकूण ३० मिनिटे. आकृतीला हातही लावला नाही, अंधार तेवढाच ठेवला. पुढच्या चाचणीत मुले ओरडली, हसली, आणि बसून राहिली. पाच मिनिटांची मेहनत वाया जाण्याची भीतीही पुरेशी असते.

या प्रसंगातली मला महत्त्वाची वाटणारी गोष्ट सूत्राच्या पलीकडची आहे. वापरणारा उठून गेला की ‘त्याला जमत नाही’ असे म्हणण्याची सवय आपल्याला लवकर लागते. हीच सवय पुढे बँकेचे ॲप करताना, रुग्णालयाची नोंदणी प्रणाली करताना आपल्यासोबत येते. अर्ज भरताना शेवटच्या पानावर सत्र संपले आणि सगळे पुन्हा भरावे लागले, हा अनुभव कोणाला नाही? तिथेही भोज्या दूरच ठेवलेला असतो, आणि तिथे तर घाबरवण्याचा हेतूही नसतो. माणसाचा वेळ खर्च करण्याचा अधिकार रचना करणाऱ्याला आपोआप मिळत नाही. त्या वेळेच्या बदल्यात काय दिले, याचा हिशेब त्याने द्यायचा असतो.

१०. समारोप

‘एलियन: आयसोलेशन’च्या निर्मात्यांनी प्रकाशनानंतर दोन नव्या काठिण्यपातळ्या जोडल्या: नवख्यांसाठी एक सोपी, आणि दुसरी अत्यंत अवघड, जिच्यात नकाशा नाही आणि ट्रॅकरही बिघडलेला. आपल्या सूत्राच्या भाषेत त्यांनी ‘अ’ बदलण्याची सोय दिली, ‘ट’ मात्र तसाच राहिला. खेळाला मानणारा वर्ग हळूहळू वाढत गेला आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये, बरोबर १० वर्षांनी, पुढच्या भागाची घोषणा झाली.

वैताग मान्य करूनही मी हा खेळ विद्यार्थ्यांना सुचवते, कारण त्याच्या उणिवा आळसातून आलेल्या नाहीत. एक चांगली कल्पना थोडी जास्त ताणली गेली, इतकेच. अशा कामातून शिकायला सर्वांत जास्त मिळते. पुढच्या वेळी खेळताना मेलात, तर लगेच पुन्हा सुरू करू नका. अर्धा मिनिट थांबा आणि तीन प्रश्नांची उत्तरे वहीत लिहा. काही दिवसांनी ती वही तुमच्या प्रकल्पाला कोणत्याही पाठ्यपुस्तकाइतकीच उपयोगी पडेल.

स्वाध्याय

१. दिग्दर्शक आणि एलियन या दोन प्रणालींना मिळणाऱ्या माहितीची तुलना करा. दोन्ही एकत्र केल्या तर खेळावर काय परिणाम होईल?

२. स्टेट मशीन आणि बिहेवियर ट्री यांतील फरक ‘गस्त, संशय, पाठलाग, माघार’ या चार वर्तनांच्या आधारे आकृती काढून स्पष्ट करा.

३. अ = ६ मिनिटे असताना ट = ६, १२ आणि १८ मिनिटांसाठी एकूण सरासरी वेळ काढा. आलेख काढून निष्कर्ष लिहा.

४. खेळाडू प्रत्येक प्रयत्नात सुधारतो असे धरले, तर कलम ५ मधील सूत्रात कोणता बदल करावा लागेल? तुमचे प्रारूप मांडा.

५. तुम्ही अर्धवट सोडलेला कोणताही एक खेळ किंवा ॲप निवडा. तो सोडण्यामागचा वैताग तीन प्रकारांपैकी कोणता होता, ते तीन प्रश्नांच्या कसोटीने ठरवा.